इंजनाचा सोमवार

गुरुपादप्पांच्या मळ्यात इंजन आलं त्या साली बोरपिंपळीत दोन माणसांचा भाव वाढला. एक खुद्द गुरुपादप्पांचा. तो वाढणं रास्तच होतं, कारण इंजन त्यांचं. दुसरा मडिवाळप्पाचा. हा मडिवाळप्पा तोवर याच आप्पांच्या विहिरीवर मोट हाकायचा आणि गावात त्याला कुणी ‘जेवलास का’ म्हणूनसुद्धा विचारत नव्हतं. इंजन आलं आणि वर्षभरात लोक त्याला पारावर सरकून जागा द्यायला लागले. गावाला ज्यातलं काडीचं कळत नाही असं काहीतरी त्याला येत होतं, एवढंच त्याचं भांडवल. पण तेवढं पुरतं.

इंजन म्हणजे ट्रॅक्टर. तो शब्द त्या काळी हैदराबादच्या साहेबलोकांच्या तोंडचा. जर्मनची लढाई सुरू व्हायच्या आधी कुणा जहागीरदारानं हौसेनं विलायतेहून मागवलं होतं, आणि हौस फिटल्यावर विकायला काढलं होतं. आप्पांनी ते घेतलं. मालगाडीनं लातूर रोडला उतरलं. चाकं लोखंडी, त्यात मागच्या चाकांना वीतवीतभर दात. दात सडक उकरतील म्हणून सडकेवर चालवायची मनाई झाली, तेव्हा आप्पांनी आठ बैलजोड्या लावून ते धूड गाडीवाटेनं ओढत गावात आणलं. बैलांचे कष्ट वाचवायला घेतलेलं इंजन दोन दिवस बैलांनीच ओढलं, यावर गाव पुढं महिनाभर हसत होतं. सोबत नांदेडच्या गिरणीतला एक फिटर आला होता. तो आठ दिवस राहिला, मडिवाळप्पाला हाताला धरून सगळं शिकवलं आणि आला तसा निघून गेला.

त्या इंजनाच्या खोड्या काय सांगाव्यात! सकाळी ते पेट्रोल पिऊन उठायचं आणि दिवसभर घासलेटवर राबायचं. पेट्रोल छटाकभरच, कारण लढाईमुळं तेही परवान्यावर मिळायचं. पुढच्या पाण्याच्या टाकीला हाताची मागची बाजू लावायची, आणि पाच म्हणेपर्यंत हात टिकला नाही की मग घासलेटची तोटी सोडायची. घाई केली तर काळा धूर ओकून बंद. संध्याकाळी बंद करतानाही आधी पेट्रोलचा घोट द्यायचा, नाहीतर दुसऱ्या दिवशी इंजन मेल्यागत पडून. ब्रेक म्हणून काही प्रकारच नव्हता. नांगराचा फाळ हराळीच्या गड्ड्यात अडकला की इंजनाचं तोंड वर उठायचं, आणि तेवढ्यात पायाखालची कळ चपळाईनं दाबली नाही तर हाकणारा खाली आणि इंजन वर. आणि बैठक! बैठकीखालीच सगळे दाते फिरायचे, त्यामुळं दुपार कलली की ती तव्यासारखी तापायची. मडिवाळप्पा तिच्यावर कडुनिंबाचा पाला घालून वर ओलं पोतं टाकायचा, तेही वाळलं की उभ्यानंच नांगरायचा. लांबून बघणाऱ्याला वाटायचं, काय रुबाबात उभा आहे गडी! खरी गोष्ट वेगळीच होती, पण ती त्यानं कधी कुणाला सांगितली नाही.

सगळ्यांत वाईट खोड हँडलची. पुढं वाकून हँडल फिरवल्याशिवाय ते चालू व्हायचं नाही, आणि आतली ठिणगी वेळेच्या आधी पडली तर हँडल उलटं फिरून लाथ घालायचं. ठिणगीची वेळ मागंपुढं करायला बाजूला एक लोखंडी कांडी होती, तिला तीन भोकं. मधल्या भोकात चाकी, म्हणजे नट, आवळलेली असली की सगळं ठीक. शेवटच्या भोकात गेली की लाथ. फिटरनं जाताना आपलं मनगट दाखवलं होतं. ते एकदा मोडून वाकडंच बसलेलं होतं. “अंगठा हँडलच्या भोवती आवळायचा न्हाई,” तो म्हणाला होता, “चार बोटांच्या बाजूलाच ठेवायचा. म्हणजे लाथ बसली तरी हात सुटतो.”

मडिवाळप्पानं हे मनात पक्कं धरलं आणि लपवून टाकलं. हँडल मारताना तो हातावर उपरणं टाकायचा. लोकांना वाटायचं, तेलकट हँडल म्हणून. खरं तर अंगठा कुठं असतो ते कुणाला दिसू नये म्हणून. शिवाय तो ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटायचा. गावात बोलवा झाली की मडिवाळप्पाकडे इंजनाचा मंत्र आहे. मंत्रबिंत्र काही नव्हतं. तो शाळेत शिकलेले पावकी-निमकीचे पाढे म्हणायचा.

अशी पाच-सहा वर्षं त्यानं सुखात काढली.

आप्पा पक्के शिवभक्त. सोमवारी त्यांच्या दावणीचा एकही बैल जुवाखाली जात नसे. नंदीचा वार तो. मग इंजनाचं काय? आप्पांनी पहिल्याच आठवड्यात निकाल दिला, “राबतंय न्हवं ते? मग त्यालाबी सोमवार.” आप्पांच्या बैलांचा म्होरक्या गडी दगडोबा तोंडाळ होता. तो म्हणाला, “आप्पा, मग त्याला उपासबी धराय लावा की.” पण आप्पा हसले नाहीत. दर सोमवारी सकाळी ते स्वतः इंजनाच्या कपाळावर, म्हणजे पाण्याच्या टाकीवर, विभूतीची तीन बोटं ओढायचे, आणि मग दिवसभर त्याला कुणी हात लावायचा नाही. फडक्यानं पुसायचंसुद्धा नाही. मंगळवारी सकाळी मात्र ते हमखास कुरकुरायचं.

इंजनाला रोज दोन-तीन घागरी पाणी लागे. ते आणायचं काम मडिवाळप्पाच्या बायकोचं, शिवगंगाचं. सकाळी पाणी ओतायचं, मग बांधावर उभं राहून नवरा इंजन चालू करतो ते बघायचं, आणि ते चालू झालं की पदरानं तोंड पुसत घरी जायचं. दुपारी भाकरी घेऊन परत. मडिवाळप्पाला तिचं ते बघणं फार आवडायचं. गावानं केलेल्या कौतुकापेक्षा तिच्या डोळ्यांतलं कौतुक त्याला जास्त लागायचं. ती बघता बघता शिकत असेल हे त्याच्या ध्यानीमनीही आलं नाही.

त्या फाल्गुनात त्याला थंडीताप धरला. ज्वारी निघाली होती, रान रिकामं झालं होतं, हराळी काढायला खोल नांगरट चालू होती, आणि हा घरात घोंगडी पांघरून कुडकुडत पडला. दगडोबानं सात-आठ वेळा हँडल मारलं आणि कमरेला हात लावून खाली बसला. आप्पा नांदेडच्या फिटरला सांगावा धाडायच्या गोष्टी बोलू लागले. ही बातमी कळली तेव्हा मडिवाळप्पाला अंगात ताप असूनही बरं वाटलं. अगदी आतून बरं वाटलं. “मी उठल्याबिगर न्हाई व्हायाचं ते,” तो शिवगंगाला म्हणाला. तिनं गड्यांच्या भाकरीची चवड फडक्यात बांधली आणि रानात गेली.

दुपारी तो पडल्या जागी दचकला. मळ्याच्या बाजूनं इंजनाचा आवाज येत होता. आधी त्याला वाटलं, तापामुळं कान वाजतायत. पण कान वाजताना घासलेटची तोटी सोडल्यावर आवाज बदलतो तसा बदलत नाही. तो उठून बसला. त्याच्याशिवाय इंजन चाललं होतं.

दगडोबा सांगत आला. “आरं मडिवाळ्या, तुझ्या बायकूनं चालू केलं की रं! एका झटक्यात! आप्पा तर बघतच ऱ्हायले. हाकलं मी, पन चालू केलं तिनं.”

संध्याकाळी शिवगंगा आली ती फुलून आली. घागर टेकवायच्या आधीच म्हणाली, “अवो, ऐकू आलं का तुमाला?”

“कुनी सांगितलं हुतं तुला हात लावाय?”

तिला तो राग वाटलाच नाही. ती भाबडेपणानं सांगत बसली. “तुमी न्हाई का, हँडल आधी दोनदा हळूहळू फिरवताव? तवा आतून घोट गिळल्यावानी आवाज येतोय. तो आला की मगच तुमी जोर लावताव. मी त्योच ऐकत ऱ्हायले. आला, आन् ओढलं. मंतर तेवढा मला ठावं न्हवता, म्हून मी नुस्तं नमः शिवाय म्हनलं.”

मडिवाळप्पानं तोंडावर घोंगडी ओढून घेतली. सहा वर्षं तो ती वेळ हाताला लागणाऱ्या धक्क्यावरून ओळखत होता. कानाला असा आवाज येतो हे त्याला स्वतःलाच माहीत नव्हतं.

ताप उतरला, पण दुसरा ताप चढला. बरा होऊन तो पहिल्या दिवशी मळ्यात गेला, आणि इंजनानं पाच झटके घेतले. पूर्वीही घ्यायचंच. पूर्वी त्या पाच झटक्यांत लोकांना त्याची करामत दिसायची. आता दगडोबा मोठ्यानं मोजत होता. पाचव्याला इंजन धडधडलं तेव्हा आप्पा सहज बोलून गेले, “गंगव्वाच्या हाताला गुण हाय बग.” सहज बोलले होते बिचारे. पण ते वाक्य मडिवाळप्पाच्या काळजात काट्यासारखं रुतलं. आणि मग रोजचंच झालं. दोन झटक्यांत चालू नाही झालं की आप्पा म्हणायचे, “जरा गंगव्वाला हात लावू दे की.” ती घागर खाली ठेवायची, पदर खोचायची, दोनदा हळू फिरवायची, कान देऊन थांबायची, आणि ओढायची. धड् धड् धड्. दगडोबा शिटी मारायचा.

जळणं म्हणजे काय ते मडिवाळप्पाला त्या महिन्यात कळलं. भाऊबंदांचं शेत पिकलं म्हणून जळणारे त्यानं पाहिले होते. बायको कुणाशी हसली म्हणून जळणारेही पाहिले होते. पण आपल्याच बायकोच्या हातावर जळणारा तो गावात एकटाच. तिनं भाकरी थापली तरी त्याची नजर तिच्या मनगटावर जायची. तिनं कालवण वाढलं तर त्याला वाटायचं, या हातानं वाढलेलं आपण गोड मानून खातोय, आणि हाच हात आपलं नाक कापतोय. इंजनाचाही त्याला राग यायचा. सहा वर्षं त्याच्या तापल्या बैठकीवर बुड भाजून घेतलं, त्याच्या लाथा चुकवल्या, हिवाळ्यात त्याला गरम पाणी पाजलं, आणि ते निमकहराम तिच्या एका हाकेला ओ देत होतं.

त्यानं तिला पाणी आणायला मना केलं. आप्पांनी दुसऱ्याच दिवशी विचारलं, “गंगव्वा कामून न्हाई आली?” आली मग ती पुन्हा. त्यानं पारावर सांगून पाहिलं की बाईमाणसाचा हात लागला की यंत्र बिघडतं. दगडोबा म्हणाला, “बिघडलं आसतं तर एका झटक्यात कसं उठलं आसतं रं?” सगळे हसले. त्या हसण्यात तोही हसला, दुसरं काय करणार.

एक गोष्ट मात्र त्यानं पहिल्याच दिवशी पाहिली होती. शिवगंगा हँडल धरायची ते जात्याचा खुंटा धरतात तसं. पाची बोटं भोवती, अंगठा घट्ट आवळलेला. उपरण्याखालचं तिला कधी दिसलंच नव्हतं. कान होते तिला, पण ही गोष्ट ऐकू येण्यातली नव्हती. पाहिलं त्या क्षणी त्याच्या जिभेवर शब्द आला होता, ‘अगं, अंगठा’. तो त्यानं गिळला. चाकी मधल्या भोकात आहे तोवर लाथ बसत नाही, मग घाई काय, असं त्यानं मनाला सांगितलं. खरं कारण त्याला ठाऊक होतं. तेवढी एकच गोष्ट आता त्याच्याकडे उरली होती. तीही देऊन टाकली तर तो पुन्हा मोटेवरचा मडिवाळप्पा.

चैत्रात पाडवा झाला आणि बातमी आली की तालुक्याचे तहसीलदारसाहेब मंगळवारी सकाळी इंजनाची नांगरट बघायला येणार. आप्पांची धांदल उडाली. शनिवारी त्यांनी मडिवाळप्पाला बोलावून घेतलं.

“मी काय म्हनतो मडिवाळप्पा, इंजन गंगव्वाच चालू करू दे. साहेबानं हैदराबादंत लई यंत्रं बघितली आसतील, पन बाई इंजन उठवती हे कुठं बघितलं आसंल? नाव हुईल गावाचं.”

“हाव आप्पा.”

“हाकशील तूच. तिनं नुस्तं चालू करायचं.”

“हाव आप्पा,” मडिवाळप्पा म्हणाला. याशिवाय तो काय म्हणणार होता?

सोमवार उजाडला. आप्पा सकाळी विभूती ओढून गेले. बैल दावणीला रवंथ करत होते, गडी घरोघर, मळ्यात चिटपाखरू नाही. सोमवारचं इंजनाजवळ कोण फिरकणार? दुपारच्या उन्हात मडिवाळप्पा एकटा मळ्यात गेला. कमरेला पान्हा खोचलेला होता. चार बाजूंना बघून तो इंजनापाशी उकिडवा बसला, कांडीची चाकी सैल केली, आणि ती मधल्या भोकातून काढून शेवटच्या भोकात आवळली. एवढंच. पाणी प्यायला लागतो त्याहून कमी वेळ लागला.

चालू होणार नाही, तो स्वतःला समजावत होता. दहा झटके मारील, घामाघूम होईल, साहेब कंटाळतील. मग आप्पा म्हणतील, मडिवाळप्पा बघ जरा. मग आपण उठायचं, चाकी फिरवायची, एका झटक्यात चालू करायचं. चारचौघांत तिचा पाणउतारा होईल, पण बायकोच आहे, घरी समजूत काढता येईल. आणि लाथ बसली तर? हा प्रश्न त्याच्या मनात आला. आला नाही असं म्हणता येणार नाही. फिटरचं ते वाकडं मनगट त्याला लख्ख दिसलं. ‘बसली तर बसली,’ तो मनात म्हणाला, ‘कळंल तिला, इंजन म्हंजे जातं न्हवं.’ आणि पुढं विचार करायला नको म्हणून तो भराभर चालत घरी आला.

घरी शिवगंगा उद्याचं लुगडं काढून बसली होती. माहेरचं इरकली, हिरव्या अंगाचं. त्याला बघून म्हणाली, “अवो, उद्या तुमी माज्याजवळ उभं ऱ्हावा. इतक्या लोकांत मला भ्या वाटतंय. तुमी जवळ आसलाव की काही वाटत न्हाई.”

“ऱ्हातो,” तो म्हणाला.

मंगळवारी सकाळी अर्धं गाव बांधावर होतं. तहसीलदारसाहेब शेरवानीत, डोक्यावर रूमी टोपी. आप्पांनी खुर्ची टाकली होती, पण साहेब उभेच राहिले. शिवगंगा पाण्याची घागर घेऊन आली तेव्हा त्यांनी भुवया उंचावल्या. “अच्छा? ये चलाएगी?” आप्पांनी हात जोडून हसून मान हलवली. मडिवाळप्पा चार पावलांवर उभा होता. जवळ राहतो म्हणाला होता, राहिला.

तिनं पाणी ओतलं. पेट्रोलची तोटी सोडली. मग नवरा फिरायचा तशी इंजनाभोवती एक फेरी घातली, आणि कांडीपाशी आल्यावर थांबली. खाली वाकून बघितलं. मडिवाळप्पाचा हात कमरेच्या पान्ह्यावर गेला. कळलं हिला! पण तिनं मान वर केली, गर्दीतून नेमकं त्याच्याकडे बघितलं, आणि हसली. नुसती ओठांतून नव्हे, डोळ्यांतून हसली.

ते हसणं बघून त्याचं अंग पेटलं. जिंकल्याचं हसणं आहे हे, त्याला वाटलं. सगळ्या गावासमोर, साहेबासमोर मला खिजवतेय.

ती हँडलपाशी गेली. पदर खोचला. पाची बोटांनी हँडल धरलं, अंगठा भोवती आवळला. दोनदा हळू फिरवलं, मान कलती करून ऐकलं. मडिवाळप्पाच्या जिभेवर तो शब्द पुन्हा आला. या खेपेला तो दातांपर्यंत आला होता. त्यानं तोंड उघडलंसुद्धा. तेवढ्यात तहसीलदारसाहेब कौतुकानं म्हणाले, “शाबास! क्या हिम्मत है औरत की!” बांधावर लोकांनी टाळ्या पिटल्या, आणि मडिवाळप्पाचं तोंड मिटलं.

तिनं ओढलं. इंजन धडधडलं नाही. एकच ठोका झाला, हँडल गरकन उलटं फिरलं, आणि वाळकी फांदी मोडावी तसा आवाज आला. शिवगंगा मातीत बसली आणि उजव्या हाताकडे बघत राहिली. हात मनगटापासून भलतीकडे वळला होता.

आप्पांचा चेहरा उतरला. साहेबांकडे वळून ते बोलून गेले, “बाईमानूस हाय सायेब... आमचंच चुकलं. मडिवाळप्पा, तू बग बाबा.”

हेच तर त्याला हवं होतं. अगदी याच शब्दांत हवं होतं. तो पुढं झाला. बायकांनी शिवगंगाला धरून लिंबाच्या सावलीला नेलं. तो थेट कांडीपाशी वाकला, कमरेचा पान्हा काढला, चाकी सैल केली, ती मधल्या भोकात आणून आवळली. मग हँडल धरलं. हातावर उपरणं टाकायचं त्याच्या ध्यानात राहिलं नाही. एका झटक्यात इंजन उठलं. कधी नव्हे ते एका झटक्यात.

बांधावर एकच गलका झाला. “बगा, नुस्त्या नजरंनं रोग वळखला!” दगडोबा ओरडला. हाच दगडोबा महिनाभर झटके मोजत होता. तहसीलदारसाहेबांनी मान डोलावली, “उस्ताद आदमी है.” आप्पांच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. मडिवाळप्पाला बैठकीवर चढावं लागलं, नांगर टाकावा लागला, साहेबांना सरळ तास काढून दाखवावं लागलं. रान लांबलचक होतं. बांधापर्यंत जाऊन वळून परत येईपर्यंत लिंबाखाली ती बसलेली दिसत होती. एका हातानं दुसरा हात धरलेला, मान किंचित कलती. इंजनाचा आवाज ती तेव्हाही ऐकत होती. गेलं होतं ते सगळं मडिवाळप्पाला परत मिळालं होतं, आणि बैठक तापली नव्हती तरी तो उभ्यानंच नांगरत होता.

साहेब गेल्यावर आप्पांनी आपली बैलगाडी दिली. रेणापूरला हाड बसवणारा होता. मडिवाळप्पानं गाडीत कडबा पसरला, शिवगंगाला बसवलं, आपल्या उपरण्यानं तिचा हात गळ्याशी बांधला, आणि कासरा धरला. गाडीत दोघंच. अर्धा कोस गचका बसला की ती नुसता दम रोखून धरायची. तोही मागं वळून बघत नव्हता.

मग ती बोलली. आवाजात राग नव्हता. असता तर त्याला सोपं गेलं असतं.

“कांडीवर धूळ न्हवती आज.”

त्यानं कासरा घट्ट धरला.

“सगळ्या इंजनावर सोमवारची धूळ बसल्याली, आन् तेवढी चाकी पुसल्यावानी लखलखीत. तुमच्या बोटांचं तेलबी हुतं तितं. मला वाटलं, गंगीला लोकांत भ्या वाटतंय म्हून तुमी सोमवार मोडून आलाव, आन् माज्यासाठी सारं नीट करून ठिवलाव.” ती थांबली. “किती बरं वाटलं म्हून सांगू! म्हून तर हासले तुमच्याकडं बगून.”

बैल आपल्या चालीनं चालले होते.

“गंगे...” तो म्हणाला. “मला वाटलं...”

“पान्हा काढून तुमी सरळ तितंच हात घातलाव, तवा कळलं मला,” ती म्हणाली. “बैल हाका. हात लई ठणकालाय.”